ड्यूकचा माळी आणि रावेरची केळी

नमस्कार मंडळी, झाली का जेवणं? आज घराण्याची गोष्ट, पण लांबची, इंग्लंडातल्या डर्बीशायरची. तिथे चॅट्सवर्थ नावाचा वाडा आहे. वाडा म्हणजे नुसतं घर नाही हं, नदी, शेतं, जंगल, मेंढ्या, आसपासची खेडी सगळं त्यातच आलं. कॅव्हेंडिश घराण्याने ही जागा 1549 मध्ये 600 पौंडांना घेतली, आणि आजतागायत तेच घराणं तिथे नांदतंय. कॅव्हेंडिश. रावेर-यावलकडच्या श्रोत्यांनी हे नाव नक्की ऐकलंय, येतो त्याच्यावर.

तर ह्या घराण्याचे सहावे ड्यूक, ड्यूक म्हणजे तिकडचे बडे सरदार. लग्न केलं नाही, कानाने जरा कमी ऐकू यायचं, आणि लंडनजवळच्या चिझिकला त्यांच्या बंगल्याशेजारी एक बाग होती, तिथे काम करणारा जोसेफ पॅक्स्टन नावाचा पोरगा त्यांच्याशी स्पष्ट, खणखणीत बोलायचा. बाविशीतला, शेतकऱ्याचा मुलगा. ड्यूकना आवडला, म्हणाले ये चॅट्सवर्थला, मुख्य माळी हो. आणि स्वतः निघाले रशियाला, झारच्या राज्याभिषेकाला!

आता ऐका, मला ही गोष्ट सांगायला फार आवडते. 9 मे 1826. पॅक्स्टन रात्रभर घोडागाडीने प्रवास करून चेस्टरफील्डला उतरला, तिथून माळरान तुडवत पायी, आणि पहाटे साडेचारला चॅट्सवर्थला हजर. साडेचारला! सगळं सामसूम, गेटला कोणी नाही. दुसरा कोणी असता तर पायरीवर बसून विडी ओढली असती, हा गडी काचघराच्या गेटवरून चढून आत. सगळी बाग फिरून पाहिली, वाड्याला बाहेरून चक्कर मारली, मग भाजीपाल्याच्या मळ्याची भिंत चढून तिकडची पाहणी केली, आणि सहाच्या ठोक्याला माणसं आली तशी त्यांना कामाला लावलं. त्यांनी ह्याला पूर्वी बघितलेलं पण नाही, विचार करा, नवा साहेब भिंतीवरून आलेला. मग कारंजी सोडायला लावली, कशी उडतात ते बघितलं, आणि मग नाष्ट्याला गेला हाउसकीपर मिसेस ग्रेगरीकडे. तिथे त्यांची भाची होती, सारा. नाष्टा होईपर्यंत ती ह्याच्या प्रेमात आणि हा तिच्या. त्याने स्वतः लिहून ठेवलंय, की नऊ वाजायच्या आत चॅट्सवर्थमधलं पहिल्या सकाळचं काम आटपलं! पुढच्या वर्षी लग्न पण झालं. हल्ली मुलगी बघायला जायचं तर आधी पॅकेज विचारतात, असो.

ह्याच पॅक्स्टनने तिथल्या काचघरात केळीचं झाड वाढवलं आणि नोव्हेंबर 1835 मध्ये केळ निसवली. थंडीच्या मुलखात, कोळशाच्या उबेवर. नाव दिलं मालकाच्या आडनावावरून, कॅव्हेंडिश. आपली बसराई, श्रीमंती, आणि आता सगळीकडे दिसते ती जी-नाईन, सगळ्या ह्याच गटातल्या. म्हणजे सावद्याची केळी तिथून आली असं नाही हं, फक्त नाव तिथलं. आणि ह्यानेच पुढे 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस नावाचा काचेचा महाल उभा केला, माळीच, इंजिनिअर नव्हे.

ड्यूकना मूलबाळ नाही, 1858 ला गेले आणि गादी चुलत घरात गेली. तिकडे सगळं थोरल्याला, धाकटे आणि बहिणी हात चोळत. आपल्याकडे वाटण्या होऊन होऊन सातबाऱ्यावर नावांची रांग. मला विचाराल तर बहिणीकडून ओवाळून घेऊन लगेच हक्कसोडपत्रावर सही मागणं हे आधी बंद झालं पाहिजे, पण तो विषय वेगळा, पुन्हा कधीतरी.

वेळ कमी आहे, पटकन सांगतो. पॅक्स्टनने बांधलेलं मोठं काचघर पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना म्हणून गारठलं, झाडं मेली, 1920 ला सुरुंग लावून पाडलं, आणि ते पाडायला पॅक्स्टनचाच नातू! दहाव्या ड्यूकचा थोरला मुलगा 1944 ला बेल्जियममध्ये लढताना गेला, त्याची बायको म्हणजे पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले त्या केनेडींची बहीण, लग्नाला चार-पाच महिने झाले होते फक्त. मग ड्यूकनी 1946 ला इस्टेट ट्रस्टच्या नावे केली. अट एकच, नंतर पाच वर्षं जगायचं, म्हणजे वारसा कर माफ. पाच वर्षं. आणि नोव्हेंबर 1950 ला, मुदत भरत आलेली असताना लाकडं फोडता फोडता गेले. कर किती, 80 टक्के! धाकटा अँड्र्यू गादीवर आला, त्याने हजारो एकर जमीन विकली, चित्रं विकली, हार्डविक हॉल नावाचा दुसरा वाडा सरकारला देऊन टाकला, आणि चॅट्सवर्थ वाचवलं. लोकांना तिकीट लावून आत सोडलं जातं, आणि घराण्यातली माणसं तिथे राहतात ती ट्रस्टला भाडं भरून.