प्रश्नातला रुग्ण

(परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन परतलेले विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर लातूरमध्ये दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. तुमच्यापैकी कोणी बिश्केकहून आलं आहे, कोणी तिबिलिसीहून, बरेच जण रशियातून, काही मुली फिलिपिन्सहून. मागच्या रांगांमध्ये आई-वडील बसले आहेत. ते आले याचा मला विशेष आनंद आहे, कारण घरात या परीक्षेबद्दल जे बोललं जातं त्याचा अभ्यासावर फार परिणाम होतो. त्यांच्याशी मी शेवटाकडे बोलेन.

आधी परीक्षा काय आहे ते नीट पाहू. एफएमजीई, म्हणजे भारतात डॉक्टर म्हणून नोंदणी मिळण्याआधी परदेशी पदवीधरांना द्यावी लागणारी स्क्रीनिंग टेस्ट. २००२च्या नियमांपासून ती सुरू आहे, राष्ट्रीय परीक्षा मंडळ ती वर्षातून दोनदा घेतं. एका दिवसात ३०० प्रश्न, सकाळी १५० आणि दुपारी १५०, प्रत्येक सत्राला १५० मिनिटं. उत्तीर्ण व्हायला १५० गुण लागतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. इथे रँक नाही, मेरिट लिस्ट नाही, शेजारच्याला मागे टाकायचं नाही. निम्मं बरोबर आलं की झालं. तरीही बहुतेक सत्रांत दहातले दोन-तीनच उत्तीर्ण होतात. पाच-सहा वर्षं मेडिकल कॉलेजात काढलेली मुलं निम्म्या प्रश्नांवर का अडतात, याचा विचार मी बरीच वर्षं करते आहे.

लोक पटकन म्हणतात, ‘तिकडे शिकवतच नाहीत.’ हे सरसकट विधान मला मान्य नाही. तुमच्यातल्या कितीतरी जणांचं शरीररचनाशास्त्र उत्तम असतं, बायोकेमिस्ट्रीतली चक्रं तोंडपाठ असतात. अडचण दुसरीकडे आहे. तुम्ही पुस्तकं वाचलीत इंग्रजीत, वॉर्डमधला रुग्ण बोलत होता रशियन किंवा किर्गिझ, आणि तुम्ही त्याच्या खाटेभोवती पंधरा जणांच्या घोळक्यात उभे होता. ‘कधीपासून दुखतंय? आधी काय झालं? मग काय झालं?’ हे तुम्ही स्वतः विचारलंच नाहीत. त्यामुळे रोग माहीत आहे, पण रोग झालेला माणूस कसा बोलतो ते माहीत नाही. परीक्षेतले क्लिनिकल प्रश्न मात्र माणसाच्या तक्रारीतूनच सुरू होतात. दुसरी गोष्ट म्हणजे, तिकडच्या वॉर्डात जे रुग्ण होते ते तिकडचे होते. आपल्या शेतात, आपल्या पावसाळ्यात, आपल्या कुपोषणातून जे आजार येतात ते तुम्हाला दिसलेच नाहीत.

एक प्रश्न घेऊ. तसाच परीक्षेत आला होता असं मी म्हणत नाही, पण या धाटणीचे प्रश्न येतात. ‘३० वर्षांचा शेतमजूर. रात्री घरात जमिनीवर झोपला होता. पहाटे पोटात दुखू लागलं, उलटी झाली. सकाळी पापण्या उचलेनात, गिळायला त्रास होतोय. अंगावर सूज नाही, चावल्याची खूण सापडत नाही. वीस मिनिटांच्या चाचणीत रक्त गोठतं. निदान काय?’

मागच्या वर्गात हा प्रश्न घातला तेव्हा बहुतेकांनी गियाँ-बारे लिहिलं, काहींनी मायस्थेनिया; दोन्ही स्नायू अशक्त करणारे आजार. दोन्ही उत्तरं अभ्यास करणाऱ्या मुलांची आहेत. पण प्रश्न पुन्हा वाचा, एकेक शब्दावर थांबून. शेतमजूर. जमिनीवर झोपला. रात्र. पहाटे पोटदुखी. हा माणूस आपल्या गावातला आहे हो! ही मण्यार. ती रात्री निघते, घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि दंश इतका बारीक की माणूस जागासुद्धा होत नाही. सूज येत नाही. पोटदुखीमुळे कधी कधी असा रुग्ण सर्जनकडे पोहोचतो आणि तिथे तासन् तास जातात. घोणस किंवा फुरसे असतं तर रक्त गोठलं नसतं. घोणशीच्या दंशाला तर भरपूर सूजही आली असती. नाग असता तर पापण्या अशाच पडल्या असत्या, पण चावल्या जागी सूज आणि वेदना असती. गियाँ-बारेत अशक्तपणा सहसा पायांतून वर चढतो आणि त्याला दिवस लागतात. इथे सगळं एका रात्रीत, वरून सुरू झालं.

आता हाच रुग्ण सोडू नका. मण्यारीचं विष चेतापेशीच्या टोकावर, सिनॅप्सच्या, म्हणजे चेता आणि स्नायू जिथे भेटतात त्या जागेच्या, अलीकडे काम करतं. नागाचं पलीकडे, स्नायूवरच्या रिसेप्टरवर. झाली फिजिऑलॉजी. म्हणून निओस्टिग्मिन या औषधाचा उपयोग नागाच्या दंशात दिसतो, मण्यारीच्या दंशात फारसा नाही. झाली फार्माकॉलॉजी. आपल्याकडचं सर्पविषरोधक औषध नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर चालतं; सुरुवातीला १० व्हायल, आणि लहान मुलाला डोस मोठ्या माणसाइतकाच, कारण विष सापाने वजन बघून सोडलेलं नसतं. औषध देताना ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी, झालं तर ॲड्रिनालिन स्नायूत. श्वास थांबू लागला तर नळी घालून व्हेंटिलेटर, मग ॲनेस्थेशिया आलं. विषशास्त्र म्हणून फोरेन्सिकला हाच साप पुन्हा भेटतो. आणि सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचे, असा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र सरकारने २०२४ मध्ये आणला, तो पीएसएममध्ये, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या विषयात. एका शेतमजुराने तुम्हाला सहा विषय शिकवले. हे सहा विषय सहा वेगवेगळ्या वह्यांतून पाठ केले असते तर परीक्षेच्या सकाळी त्यातलं किती आठवलं असतं?

माझं म्हणणं एवढंच आहे. एकोणीस विषय एकोणीस ढीग करून वाचू नका. रुग्ण वाचा, आणि विषयांना त्याच्याभोवती जमू द्या.

आपल्या भागातले असे रुग्ण तरी किती! कीटकनाशक प्यायलेला माणूस: बाहुल्या टाचणीएवढ्या, तोंडातून लाळ, छातीत घरघर, नाडी मंद. त्यावरचं औषध ॲट्रोपिन किती द्यायचं, तर छाती कोरडी होईपर्यंत. बाहुल्या मोठ्या होण्याची वाट बघत बसायचं नाही. विंचू चावलेलं मूल: घामाने भिजलेलं, हातपाय गार, मग फुप्फुसात पाणी. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवला. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी रुग्णांच्या उशाशी बसून केलेलं काम आज जगभरच्या डॉक्टरांना माहीत आहे. तुम्ही त्याच मातीतले आहात. हे प्रश्न तुम्हाला परके वाटायला नकोत.

आता गुणांकडे वळू. प्री आणि पॅरा क्लिनिकलला, म्हणजे ॲनाटॉमीपासून फोरेन्सिकपर्यंतच्या पायाभूत विषयांना १००, आणि क्लिनिकलला, म्हणजे रुग्णांवरच्या उपचारांच्या विषयांना २००. जनरल मेडिसिन ३३, जनरल सर्जरी ३२, स्त्रीरोग-प्रसूती ३०, आणि पीएसएम ३०. हा शेवटचा आकडा ऐका. प्रसूतिशास्त्राइतकेच गुण पीएसएमला आहेत आणि बहुतेक जण तो विषय शेवटच्या पंधरवड्यावर ढकलतात. याउलट ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री या तिघांना मिळून ५१ गुण आहेत आणि मुलं निम्मा वेळ त्यातच घालवतात, कारण पहिल्या वर्षाच्या पुस्तकापासून सुरुवात करायची सवय असते. बालरोग, डोळे, कान-नाक-घसा यांना प्रत्येकी १५. हे विषय आटोपशीर आहेत, लवकर हातात येतात.

पीएसएमबद्दल मी थोडी हट्टीच आहे. परदेशी शिकलेल्यांना खरा फटका बसतो तो इथे. रशियात गोवराची लस १२ महिन्यांना देतात, आपल्याकडे गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर. तुम्ही तिकडचं वेळापत्रक प्रामाणिकपणे शिकलात, आणि इथे तेच चुकतं. प्राथमिक आरोग्य केंद्र सपाट भागात ३०,००० लोकसंख्येमागे, डोंगराळ आणि आदिवासी भागात २०,००० मागे; उपकेंद्र ५,००० आणि ३,००० मागे. हे आकडे कोरडे वाटतात. म्हणून मी मुलांना सांगते, आपल्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीकरणाच्या दिवशी एक सकाळ घालवा. सिस्टरना विचारून बाजूला बसा. दीड महिन्याचं बाळ आलं की त्याला पेंटाव्हॅलंट, तोंडावाटे पोलिओ, रोटा, पीसीव्ही आणि दंडात फ्रॅक्शनल आयपीव्ही, म्हणजे पोलिओचीच कमी मात्रेची सुई, असं सगळं एकापाठोपाठ मिळताना बघा. आईच्या हातातलं कार्ड वाचा. आशाताईंशी बोला, त्या तुम्हाला क्षयरोगाच्या रुग्णाला महिन्याला १,००० रुपये पोषणासाठी कसे मिळतात ते कुठल्याही नोट्सपेक्षा चांगलं सांगतील. एका सकाळीत जे कळतं ते पुन्हा विसरत नाही.

व्हिडिओ लेक्चरबद्दल बोलायलाच हवं. दीडपट वेगाने दिवसाला आठ तास लेक्चर ऐकून ‘विषय संपला’ अशी टिकमार्क करणारी मुलं मी बघते तेव्हा मला खरंच काळजी वाटते. ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं. समजलं की नाही ते फक्त प्रश्न सोडवताना कळतं. म्हणून ज्या दिवशी एखादा धडा ऐकाल, त्याच दिवशी त्यावरचे प्रश्न सोडवा आणि चुकलेल्या प्रत्येकासमोर एक ओळ लिहा: मी नेमकं काय समजून हे उत्तर दिलं? माहितीच नव्हती, की माहिती होती पण प्रश्नातला शब्द निसटला? दुसऱ्या प्रकारच्या चुका फार असतात. १४० गुणांच्या आसपास अडकलेल्या मुलांच्या वह्या पाहिल्यात, तर त्यांना नवीन नोट्सची गरज नसते. ‘सर्वांत आधी काय कराल’ आणि ‘सर्वांत योग्य उपचार कोणता’ यातला फरक वाचायची गरज असते. पहिल्याचं उत्तर श्वासमार्ग असू शकतं, दुसऱ्याचं शस्त्रक्रिया.

जुन्या प्रश्नांचे संच बाजारात आणि फोनवर फिरतात. मंडळ प्रश्नपत्रिका प्रसिद्ध करत नाही. हे संच मुलांच्या आठवणीवर जुळवलेले असतात. त्यातून कुठले विषय येतात याचा अंदाज घ्या, पण उत्तरं डोळे झाकून पाठ करू नका. अर्धवट आठवलेल्या प्रश्नाचं चुकीचं उत्तर अनेक वर्षं फिरत राहिलेलं मी पाहिलं आहे.

संपूर्ण सराव परीक्षा द्यायची ती खऱ्या वेळेत, दोन्ही सत्रं एकाच दिवशी, मध्ये फोन न बघता. एका प्रश्नाला एक मिनिट मिळतं. दुपारच्या सत्रात शेवटचे पन्नास प्रश्न थकलेल्या डोक्याने सोडवायचे असतात, आणि ती ताकद सवयीनेच येते. गुण कापले जात नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडणं म्हणजे हातचा गुण टाकून देणं. ‘नेक्स्ट’, म्हणजे या परीक्षेच्या जागी येऊ घातलेली परीक्षा, कधी येणार याच्या चर्चेत वेळ घालवू नका. ती राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९च्या कायद्यात आहे, पण अजून लागू झालेली नाही. आली तरी रुग्णापासून केलेला अभ्यास वाया जाणार नाही.

आता पालकांसाठी. तुम्ही जमीन गहाण टाकली असेल, कर्ज काढलं असेल. हप्ता दर महिन्याला येतो आणि निकाल सहा महिन्यांनी. तुमची घालमेल मला कळते. तरी जेवताना ‘अमक्याचा मुलगा पहिल्याच अटेम्प्टला सुटला’ हे वाक्य कृपा करून उच्चारू नका. ही परीक्षा कितीदा द्यावी यावर मर्यादा नाही. २०२१च्या नियमांत मात्र शिक्षणाला प्रवेश घेतल्यापासून दहा वर्षांची चौकट आहे, तेव्हा वेळेचं गणित शांतपणे एकत्र बसून मांडा. मूल खोलीबाहेर येत नसेल, झोप उडाली असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलू लागलं असेल, तर अभ्यास बाजूला ठेवा आणि त्याच्याजवळ बसा. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. परीक्षा सुटेपर्यंत नोंदणी नसते. तरीही काही ठिकाणी मुलांना रात्रपाळीचा ‘डॉक्टर’ म्हणून ठेवून घेतात, कमी पगारावर. नोंदणीशिवाय औषध लिहिणं हा गुन्हा आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात. शिक्षेपेक्षा मला भीती वाटते ती त्या रात्री एकट्याने मण्यारीचा रुग्ण हाताळणाऱ्या मुलाची आणि त्या रुग्णाचीही. ओळखीच्या डॉक्टरांच्या ओपीडीत त्यांच्या आणि रुग्णाच्या परवानगीने शेजारी बसा, विचारपूस ऐका, घरी येऊन त्या आजारावर वाचा. पेन मात्र त्यांच्याच हातात राहू दे.

उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तात्पुरत्या नोंदणीसाठी अर्ज आणि मग इंटर्नशिप. पदवी, गुणपत्रिका, परदेशातल्या इंटर्नशिपचा दाखला, पासपोर्टवरचे येण्या-जाण्याचे शिक्के, नीटचा निकाल, हे सगळं आत्ताच एका फाइलमध्ये लावून ठेवा. तुमच्या विद्यापीठाकडून एखादा कागद यायचा असेल तर आजच ईमेल करा. निकालानंतर धावाधाव करण्यात महिने जातात.

पुढच्या रविवारपासून याच सभागृहात सकाळी आपण बसणार आहोत. लेक्चर नसेल. येताना प्रत्येकाने एक रुग्ण आणायचा: शेजारचा, आजोळचा, गावातला, नाव न सांगता. तो काय म्हणाला, त्याच्याच शब्दांत. मग त्याच्याभोवती जितके विषय जमतील तितके आपण फळ्यावर मांडू. आता तुमचे प्रश्न घेते.