रस्ता चौपदरी झाला, वाडी दोन्हीकडे राहिली

श्रोतेहो, नमस्कार. गणपती तोंडावर आले की मुंबई-गोवा महामार्गाच्या गप्पा सुरू होतात. खड्डे किती, काम कुठवर आलं, कशेडीच्या बोगद्यातून सोडतायत का. ही सगळी चौकशी ये-जा करणाऱ्यांची. मला आज बोलायचंय ते रस्त्याच्या काठाला बारा महिने राहणाऱ्यांबद्दल. त्यांना मुंबईलाही जायचं नसतं आणि गोव्यालाही. त्यांना फक्त पलीकडे जायचं असतं.

घर अलीकडे, भातखाचरं पलीकडे. शाळा या अंगाला, रेशन दुकान त्या अंगाला. मुंबईकडची एसटी तर समोरच थांबते. १७ नंबरचा जुना रस्ता दुपदरी होता, तेव्हा माणूस दोन्हीकडे बघून झपकन पार व्हायचा. आता नंबर ६६ झाला, पदर चार झाले, मधे दुभाजक आला.

जरा हिशेब करू. डोक्यावर भारा घेतलेल्या आजीला एका बाजूचे दोन पदर ओलांडायला सहज ८ सेकंद लागतात. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. म्हणजे आजीने पाऊल टाकलं तेव्हा गाडी पावणेदोनशे मीटरच्या आत असेल, तर तिचा जीव ड्रायव्हरच्या ब्रेकवर. आपल्या वळणांवर पावणेदोनशे मीटर दिसतात कुठे? आषाढातल्या पावसात तर पुढच्या डंपरचा लाल दिवाही दिसत नाही. शिवाय एवढं करून आजी पोचते दुभाजकापर्यंतच. अजून दोन पदर बाकी.

‘गावकरी राँग साईडने गाड्या घालतात’ ही तक्रार खरी आहे. पण अंडरपास लांब, सर्व्हिस रोड मधेच तुटलेला, अशा ठिकाणी डेअरीला दूध घालायला निघालेला माणूस समोरच्या दोनशे मीटरसाठी चार किलोमीटरचा वळसा घेत नाही, आणि उद्याही घेणार नाही. पावत्या फाडून हे सुटायचं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याची वाट आखणीतच ठेवायला हवी होती. नाही ठेवली, की दुभाजकाला कुठेतरी फट पडते. त्या फटीला ना दिवा ना पाटी, आणि घात तिथेच होतो.

२ ऑगस्ट २०१६ ला महाडजवळ सावित्रीचा पूल वाहून गेला, ती रात्र सगळ्यांच्या लक्षात आहे. वाडीसमोर एकेक करून माणसं जातात, त्याची बातमी तालुक्याबाहेर जात नाही. पुष्कळदा नोंदही होत नाही, आणि गोम इथेच आहे. सरकारी व्याख्येत अपघातप्रवण ठिकाण, म्हणजे ब्लॅक स्पॉट, ठरतं ते असं: साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, नाहीतर १० मृत्यू. पाय मोडला, गाडीवाल्याने हातावर पैसे ठेवले, प्रकरण आपसात मिटलं, की तो अपघात कागदावर झालेलाच नसतो. मग पाचाचे दोन होतात आणि आपला नाका यादीत येत नाही. गरिबाला ते पैसे त्या दिवशी लागतात, हे मला समजतं. तरीही पोलीस ठाण्यात नोंद कराच.

जखमीला उचलायला घाबरू नका. १०८ ला फोन करा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या १३४-अ कलमाने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. स्वतःचं नाव सांगण्याची सक्तीही पोलीस करू शकत नाहीत. ठोकर देऊन गाडी पळाली आणि सापडलीच नाही, तरी मृताच्या वारसांना २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा. किती घरांना हे ठाऊक आहे?

मोटार वाहन कायद्याच्या त्याच २०१९ च्या दुरुस्तीतलं १९८-अ कलम सांगतं, की आखणी, बांधकाम किंवा देखभाल मानकांप्रमाणे नसल्यामुळे कुणी दगावलं वा अपंग झालं, तर ठेकेदार किंवा रस्ता सांभाळणाऱ्या यंत्रणेला १ लाखापर्यंत दंड. कोट्यवधींच्या ठेक्यात लाख म्हणजे चहापाणी, हे मलाही कळतं. पण गावाने आधी लेखी कळवलं होतं, असा कागद हातात असला की ‘आम्हाला कल्पना नव्हती’ म्हणता येत नाही.

म्हणून २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव करा, पण ‘अपघात होतात, उपाय व्हावा’ असा मोघम नको. किलोमीटरच्या दगडावरचा आकडा लिहा. कोणती बाजू, किती वाजता शाळा सुटते, गुरं कुठून पार होतात, दिवा कुठे हवा, गतिरोधक पट्टे कुठे, अंडरपास कुठे, तेही लिहा. पोलीस ठाण्यातल्या नोंदींचे क्रमांक जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.