बोलोन्याच्या कमानींखाली

नमस्कार श्रोतेहो.

मी मूळची सांगलीची. सध्या इटलीतल्या बोलोन्या शहरात इतिहासात एमए करते आहे. इथलं विद्यापीठ 1088 साली सुरू झालं असं परंपरेनं मानतात, म्हणजे युरोपातलं सर्वांत जुनं. आमचे वर्ग इंग्रजीत चालतात. त्यामुळे इटालियन न शिकताही पदवी मिळते, आणि तशीच घेऊन परतणारेही बरेच असतात. मला त्याचं फार वाईट वाटतं. ही भाषा मराठी माणसाला वाटते त्याहून कितीतरी जवळची आहे. आज मला तेच सांगायचंय.

इथे पाऊल ठेवल्यावर कामाच्या आठ दिवसांच्या आत राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. त्याला म्हणतात पेर्मेस्सो दि सोज्जोर्नो. फॉर्मचं पाकीट पोस्टात मिळतं, भरून पोस्टातच द्यायचं, आणि नंतर ठरलेल्या तारखेला बोटांचे ठसे द्यायला पोलिसांच्या क्वेस्तूरा कार्यालयात जायचं. तिथे, घरमालकिणीकडे, दवाखान्यात इंग्रजी चालेलच असं नाही. गरजेपुरती भाषा अशी बरेच जण शिकतात. गोडी लागते ती पुढे.

माझी गोडी व्याकरणापासून सुरू झाली. वर्गात शिक्षिका ‘मी प्याचे’ ही रचना शिकवत होत्या. ‘मी प्याचे इल ते’, मला चहा आवडतो. ‘मी प्याच्योनो इ लिब्री’, मला पुस्तकं आवडतात. आवडणारी वस्तू एक असेल तर क्रियापद एकवचनी, अनेक असतील तर अनेकवचनी. माझ्या शेजारी बसलेली जर्मन आणि अमेरिकन मुलं वहीत बाण काढून हे समजून घेत होती. आपण मात्र लहानपणापासून असंच बोलतो. ‘मी गेले’ आणि ‘मी गेलो’ हा फरकही इथे आहे: मुलगी म्हणते ‘सोनो आंदाता’, मुलगा म्हणतो ‘सोनो आंदातो’. आणि कविता वाचली का असं विचारलं तर उत्तर ‘लो लेत्ता’, म्हणजे ‘वाचली’. तेच पुस्तकांबद्दल विचारलं तर क्रियापदाचं रूप पुस्तकांप्रमाणे बदलतं. इंग्रजीतून इटालियन शिकायला बसलं की हे सगळे नियम पाठ करावे लागतात. मराठीतून बसलं की ते आधीच जिभेवर असतात. म्हणून मी माझ्या वहीत इटालियन वाक्यासमोर इंग्रजी लिहिणं बंद केलं आणि मराठी लिहू लागले. तेव्हापासून अभ्यासाला वेग आला.

उच्चारातही आपली बाजू भक्कम आहे. इटालियन त आणि द आपल्या त आणि द सारखेच, दातांना जीभ लावून म्हणायचे. जोडाक्षर स्पष्ट म्हणावं लागतं, नाहीतर अर्थच बदलतो. ‘कापेल्लो’ म्हणजे केस, ‘काप्पेल्लो’ म्हणजे टोपी. पक्का, कच्चा, सत्तर म्हणत वाढलेल्या माणसाला यात काय अवघड! आणि ‘तू’ म्हणजे तूच. अनोळखी किंवा वडीलधाऱ्या माणसाला ‘लेई’ म्हणतात, तिथे आपलं अहो-जाहो. ओळख वाढली की समोरचा स्वतःच सुचवतो, ‘द्यामोची देल तू’, आता अहो-जाहो पुरे. आमच्या घरमालकीणबाईंनी मला तसं म्हटलं त्या दिवशी मी आईला फोन करून सांगितलं.

ऐकण्याचा सराव कुठे करायचा, असं मला पुण्यातल्या मुली विचारतात. बोलोन्यापुरतं माझं उत्तर ठरलेलं आहे: रस्ता खणलेला असेल तिथे. या शहरात निवृत्त आजोबांची एक परंपरा आहे. हात पाठीमागे बांधून ते बांधकाम बघत उभे राहतात आणि काम कसं करायला हवं यावर आपसांत चर्चा करतात. त्यांना इथल्या बोलीत ‘उमारेल’ म्हणतात. शहरानं त्यांच्या नावाचा एक छोटा चौकही केला आहे. सध्या ट्रामच्या मार्गाचं काम निघाल्यामुळे त्यांना बघण्यासारखं भरपूर आहे. मी त्यांच्याशेजारी उभी राहू लागले. हे आजोबा सावकाश बोलतात, एकच गोष्ट तीनदा सांगतात, आणि ऐकणारं कुणी मिळालं की मनापासून खूश होतात. नळ, खडी, उतार, सांडपाणी हे शब्द मला कुठल्याच पाठ्यपुस्तकात भेटले नसते. एका आजोबांनी मला 1980 च्या रेल्वे स्थानकातल्या बॉम्बस्फोटाबद्दल सांगितलं. पंच्याऐंशी माणसं गेली होती. स्थानकावरचं घड्याळ अजून स्फोटाच्या वेळेवर, दहा पंचवीसवर थांबलेलं आहे. मी ते घड्याळ आधी पाहिलं होतं. ती सकाळ जगलेल्या माणसाकडून त्याच्याच भाषेत ऐकणं फार वेगळं होतं.

पावसाळी दिवसांत मात्र मी एकटीच फिरते. शहरात छत असलेल्या कमानींचे रस्ते आहेत, सगळे मिळून सुमारे 62 किलोमीटर. 2021 साली त्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. सान लुकाच्या टेकडीवरच्या देवळापर्यंत 666 कमानी चढत जातात. छत्री न उघडता क्रियापदं घोकायला याहून चांगली जागा नाही.

आता परीक्षेबद्दल. इथे बऱ्याच परीक्षा तोंडी असतात आणि त्या उघड्यावर होतात. प्राध्यापकांसमोर तुम्ही बसता, मागे बाकी विद्यार्थी ऐकत असतात. गुण तीसपैकी, अठराला पास. मिळालेले गुण मान्य नसतील तर विद्यार्थी ते नाकारून पुढच्या वेळी पुन्हा बसू शकतो. ही सोय मला फार सन्मानाची वाटते. मी एक विषय मुद्दाम इटालियनमधून घेतला, मध्ययुगीन इटलीचा. परीक्षेत प्रश्न आला इटालियन कवी दान्तेचा: विद्वानांची लॅटिन सोडून त्यानं आपलं महाकाव्य लोकभाषेत का लिहिलं? मी उत्तर दिलं आणि पुढे सांगितलं, की आमच्याकडे त्याच्याआधी, 1290 साली, ज्ञानेश्वरांनी संस्कृतातली गीता मराठीत आणली. प्राध्यापकांनी पेन खाली ठेवलं. ओवी कशी असते, लोक ती गातात का, अजून गातात का, असे प्रश्न सुरू झाले. मी वारीबद्दल सांगितलं. मागच्या बाकावरची मुलंही ऐकत होती. आपल्या गावातून जाणाऱ्या दिंडीबद्दल मी इटालियनमध्ये बोलत होते आणि शब्द अडत नव्हते.

जेवणाचं थोडक्यात सांगते. शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही, फक्त विचारावं लागतं, कारण साध्या दिसणाऱ्या तोर्तेल्लीनी या भरलेल्या पास्त्याच्या आतही डुकराचं मांस असतं.

शेवटची गोष्ट नोवेल्लारा गावाची. रेज्जो एमिलिया जिल्ह्यातल्या या गावात मोठा गुरुद्वारा आहे, 2000 साली सुरू झालेला. या पट्ट्यात पार्मिजानो रेज्जानो चीज बनतं आणि त्यासाठी दूध देणाऱ्या गोठ्यांमध्ये पंजाबी कुटुंबं वर्षानुवर्षं काम करतात. तिथे लंगरमध्ये माझ्या शेजारी एक मुलगी बसली होती, इथेच जन्मलेली. तिला पंजाबी आणि इटालियन येतं, हिंदी जेमतेम. मला पंजाबी येत नाही. मग आम्ही दोघी भारतीय मुली डाळ-रोटी खाता खाता इटालियनमध्ये बोलत बसलो. तिचे वडील गोठ्यात आहेत आणि तिला गुरांची डॉक्टर व्हायचंय. बोलोन्या विद्यापीठाचा पशुवैद्यकीय विभाग शहराबाहेर ओझ्झानोला आहे. तिथे पोचायचं कसं, खोली कुठे शोधायची, शिष्यवृत्तीचा अर्ज कधी करायचा, हे सगळं तिनं विचारलं आणि मी सांगत गेले. येत्या शनिवारी ती बोलोन्याला येते आहे, आम्ही दोघी ओझ्झानोला जाऊन येणार आहोत.

नमस्कार.