दगडाची मागची बाजू

(पत्र्याचा डबा उघडतो)

हा डबा मी चौथीत असताना भरायला घेतला. आत कापूस, कापसावर अकरा दगड. प्रत्येकाखाली गावाची चिठ्ठी होती. चिठ्ठ्या कसरीनं खाल्ल्या. आता प्रत्येक दगडाला त्याचं गाव शोधून द्यायचंय.

(भिंगाखाली स्फटिक)

घरात सगळे याला गारगोटी म्हणायचे. पण बाजूच्या रेघा बघा. गारगोटीच्या स्फटिकावर त्या आडव्या असतात, इथे उभ्या आहेत. माथ्यावर मोत्यासारखी झळाळी. हा अपोफिलाइट. शेजारी मधोमध आवळलेल्या पेंढीसारखी ही फिकट गुलाबी जुडी, ते स्टिल्बाइट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थिजला, त्यात वायूचे बुडबुडे अडकले. त्या पोकळ्यांत खनिजं विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि हे स्फटिक वाढले. पण ही जोडी पुण्यात सापडते, नाशकात सापडते, जळगावातही. नुसत्या स्फटिकावरून गाव कळत नाही. म्हणून दगड उलटा करायचा.

(निळा स्फटिक, मग त्याची मागची बाजू)

शाईचा थेंब पडावा तसं हे कॅव्हन्साइट. १९६७ साली त्याची पहिली नोंद झाली ती अमेरिकेतल्या ओरेगॉनची. मात्र असे टपोरे निळे झुबके म्हटलं की पुण्याजवळचं वाघोली. मागचा कातळही तेच सांगतो: सलग काळा नाही, मोडके तुकडे सांधल्यासारखा. ही बाजू घासूनपुसून लख्ख केली असती तर हा पुरावा गेला असता. मुलांनो, मागची बाजू कधीही घासू नका.

(पांढरा गोळा)

ओकेनाइट. कापूस वाटतो, पण हे सुईसारखे स्फटिक आहेत. एकदा दबले की पुन्हा उभे राहत नाहीत. हा खळगा माझ्या बोटाचा आहे, चौथीतल्या.

कडेला हिरवट प्रेहनाइट आहे. मुंबईच्या उपनगरांतल्या खाणी त्यासाठी नावाजलेल्या. माझे मामा मालाडला राहायचे, खाणीवरून दगड आणायचे. दगड आणि आठवण इथे जुळतात.

(इमारती)

शहर वाढलं, तिथल्या खाणी बंद झाल्या.

(चिठ्ठ्या, पेन्सिल)

आठ दगडांना गाव मिळालं. पेन्सिलनंच लिहितोय, शाई ओलीनं फुटते. ओकेनाइटच्या चिठ्ठीवर ‘मालाड, मामांकडून’. उरलेल्या तिघांच्या चिठ्ठीवर सध्या एवढंच: ‘दख्खन’.