परसातली पेटी, दयाळाची जोडी

(दृश्य: पहाट. विजेच्या तारेवर नर दयाळ, शेपटी उभारलेली.)

हा नर दयाळ. हिवाळाभर तो जास्वंदीच्या बुडाशी, कुंपणाच्या सावलीत गुपचूप वावरत होता. फेब्रुवारी सरत आला तसा तारेवर चढला, आणि आता उजाडायच्या आधीपासून गातोय. बांगलादेशाचा हा राष्ट्रीय पक्षी. वाईतल्या या गल्लीत मात्र त्याला नावानं ओळखणारी चार माणसं सापडली तरी खूप.

गाणं हद्द सांगण्यासाठी आहे, तसंच मादीसाठीही. पण मादी नुसत्या गाण्यावर राहत नाही. तिला अंडी घालायला पोकळी लागते.

(दृश्य: तोडलेल्या शिरीषाचा बुंधा, जवळून.)

दयाळ ढोलीत घरटं करतो, पण ढोली कोरणं त्याच्या चोचीचं काम नाही. ते तांबटाचं आणि सुतार पक्ष्याचं. वठलेल्या, मऊ पडलेल्या लाकडात ते ढोली कोरतात, पिल्लं वाढवतात आणि निघून जातात. मग तिथं साळुंकी येते, पोपट येतो, पिंगळा येतो. ढोली कुजून रुंदावली की दयाळही येतो. वठलेली फांदी म्हणजे पाखरांची चाळच. आणि आपली पहिली कुऱ्हाड पडते ती नेमकी तिच्यावर, ‘धोकादायक’ म्हणून. रस्त्यावर झुकलेली फांदी तोडावी लागते, हे मान्य. पण परसाच्या कोपऱ्यात, कुणाच्याही डोक्यावर नसलेलं वठलेलं खोड काय म्हणून काढायचं? जुन्या वाड्यांच्या भिंतींत कोनाडे होते, वाशांमागे सांदी होत्या. त्याही गेल्या. म्हणून ही लाकडी पेटी, ढोलीच्या जागी.

(दृश्य: पडवी. करवत, गिरमिट, कानस. काकांचे हात.)

हे काका निवृत्त फिटर. पाण्याच्या पंपाचं खोकं आलं होतं, त्याच्या या फळ्या. प्लायवूड त्यांनी घेतलं नाही. एका पावसाळ्यात फुगतं आणि त्याचे पापुद्रे सुटतात. फळी पाऊण इंच जाड हवी, नाहीतर एप्रिलच्या उन्हात आतली पिल्लं भाजून निघतील.

तळ पंधरा सेंटिमीटर लांब-रुंद. कोपऱ्यांत चार भोकं, पाणी निथळायला. दर्शनी भोक पाच सेंटिमीटरचं. चिमणीसाठी साडेतीनच्या आत पुरलं असतं, दयाळाला एवढं लागतं. यातून साळुंकीही शिरू शकते, पण त्याला इलाज नाही. आता ही पटाशी पाहा. भोकाच्या खाली, आतल्या बाजूनं काका आडव्या खाचा पाडतायत. रंधलेल्या गुळगुळीत फळीवर पिल्लाची नखं ठरत नाहीत. बाहेर पडायच्या दिवशी त्याला हीच शिडी.

छपराला उतार, सांध्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी. एक बाजू बिजागरीवर, साफसफाईसाठी. बाहेरून अळशीचं तेल, आतून काही नाही. आणि भोकाखाली बसायची दांडी नाही. बाजारातल्या रंगीत पेट्यांना ती हमखास असते, दिसायला छान. ती उपयोगी पडते कावळ्याला.

(दृश्य: पेटी भिंतीवर चढते.)

डोक्याच्या बरंच वर, तोंड ईशान्येला: दुपारचं ऊन नको, नैर्ऋत्येचा पाऊस नको. छोटा कॅमेरा छताला डिसेंबरातच बसवला, कारण वसलेल्या घरट्याला हात लावायचा नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं हे शिकारीतच मोडतं. फोटोसाठी फांद्या बाजूला बांधणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

(दृश्य: पेटीच्या आतून, कृष्णधवल.)

मार्च. मादी आत आली. नराच्या काळ्या रंगाच्या जागी हिला राखाडी. काड्या, मुळं, कडुनिंबाच्या पानांचे देठ ती एकटीच आणते. नर तारेवर. त्याला आळशी म्हणण्याआधी पुढचं पाहा: साळुंक्यांची जोडी छपरावर उतरली, एकीनं भोकात डोकं घातलं, आणि हा खाली झेपावला. आकारानं त्यांच्याहून लहान, तरी कुंपणापार पिटाळून आला.

रोज एक, अशी चार अंडी. उबवते मादीच.

(दृश्य: पिल्लं. उघड्या चोची.)

तीन फुटली. आता दोघांनाही उसंत नाही. अळ्या, नाकतोडे, कोळी. आणि हे काय? पाल! नरानं आख्खी आणली आहे. पिल्लाच्या चोचीत डोकं गेलं, शेपूट बाहेर. काही केल्या आत जाईना. नरानं ती ओढून काढली, बाहेर पेरूच्या फांदीवर चार-पाच वेळा आपटली, परत आणली. या वेळी गेली.

घास दिल्यावर तो थांबलाय, तेही बघा. पिल्लू वळतं, शेपटीकडून पांढरी पिशवी बाहेर येते, नर ती चोचीत धरून उडतो आणि लांब टाकतो. पिल्लाची विष्ठा अशी पातळ आवरणात बांधलेली येते, म्हणून घरटं कोरडं राहतं आणि वासावर कुणी माग काढत येत नाही.

(दृश्य: भोकात पिल्लू. उडी.)

साधारण दोन आठवड्यांत ती बाहेर पडली. दोन जास्वंदीत पोचली, तिसरं मांजरानं नेलं.

(दृश्य: पेटीची बाजू उघडलेली, काकांच्या हातात जुनं घरटं.)

न उबलेलं चौथं अंडं तळाशी होतं. कॅमेऱ्यात राखाडी दिसायचं. खरं ते असं, हिरवट निळं, वर तपकिरी ठिपके. घरटं काढून काकांनी पेटी उकळत्या पाण्यानं धुतली, उन्हात वाळवली आणि त्याच खिळ्याला लावली. जोडी अजून तारेवर आहे, आणि हंगाम जुलैपर्यंत चालतो.

मापं पडद्यावर देतो आहोत. पेटी जानेवारीच्या आत लावा, म्हणजे विणीआधी पाखरांना तिची सवय होईल. शेजारी वठलेलं झाड उभं असेल, तर पेटीच्या आधी त्याच्या मालकाशी बोला.