तारीख ठरली, गेम बिघडली

नमस्कार श्रोतेहो.

बाबुराव पेंटरांनी १९२० साली ‘सैरंध्री’ काढला तो कोल्हापुरात, आणि तोही स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्यावर. तो कॅमेरा तयार व्हायला काही वर्षं लागली होती. पुढं १९२९ मध्ये ‘प्रभात’ सुरू झाली तीही इथंच. त्यामुळं सिनेमावर बोलायला कोल्हापूरकराला निमित्त लागत नाही. आज मात्र मला सिनेमावरून निघणाऱ्या व्हिडिओ गेमबद्दल बोलायचं आहे. विषय पोरासोरांचा वाटेल, पण मोठ्यांनीही ऐकावा असा आहे. थिएटरातून बाहेर पडणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या पोराला हिरो बघून पुरेसं झालेलं नसतं, त्याला हिरो व्हायचं असतं. गेम त्याला ते देऊ शकते, सिनेमा देऊ शकत नाही. म्हणून तो घरी येऊन हट्ट धरतो, साठवलेले पैसे काढतो. आणि बहुतेक वेळा हातात येते ती घाईघाईत उरकलेली, अडखळणारी, दोन दिवसांत कंटाळा आणणारी गेम. त्या पोराची ती निराशा मला फार लागते.

हे सगळं का होतं, याचं उत्तर १९८२ मध्येच मिळालं होतं. त्या वर्षी जूनमध्ये स्टीव्हन स्पीलबर्गचा ‘ई.टी.’ आला आणि अमेरिका वेडी झाली. अटारी ही तेव्हाची सर्वांत मोठी गेम कंपनी. तिनं सिनेमाचे हक्क घेतले, पण बोलणी संपता संपता जुलै उजाडून सरत आला. गेम तर नाताळच्या बाजारात हवी. कॅसेटी बनवायला लागणारा वेळ वजा केला, तर प्रोग्रामरच्या हातात राहिले सुमारे ५ आठवडे. तो प्रोग्रामर म्हणजे हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ. माणूस कच्चा नव्हता. ‘यार्स रिव्हेंज’सारखी गाजलेली गेम त्याचीच. अशा कामाला तेव्हा अनेक महिने लागत. त्यानं ५ आठवड्यांत गेम पूर्ण करून दिली.

खेळणाऱ्याला काय मिळालं? ई.टी.नं टेलिफोनचे तुकडे शोधत फिरायचं आणि पावलोपावली खड्ड्यात पडायचं. वर यायचं, परत पडायचं. सिनेमात त्या परग्रहावरच्या जिवाला बघून लोक रडले होते, गेममध्ये त्याच्यावर चिडले. लाखो कॅसेटी विकल्याविना पडून राहिल्या. १९८३ मध्ये अटारीनं न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावच्या कचरा डेपोत आपला माल गाडून टाकला. कित्येक वर्षं लोकांना ती दंतकथा वाटायची. २०१४ मध्ये खणलं आणि कॅसेटी खरोखरच निघाल्या, ई.टी.च्याही. त्या काळात अमेरिकेतला गेमचा धंदाच कोसळला. त्याचं सगळं खापर या एका गेमवर फोडतात, ते मला पटत नाही. बाजारात तेव्हा असल्या कच्च्या मालाचा पूरच आला होता. पण रोग काय होता, ते या एका कॅसेटीत स्वच्छ दिसतं.

रोग म्हणजे तारीख. सिनेमाची तारीख आधी ठरते. पोस्टर, जाहिराती, मुलाखती, सगळा गाजावाजा त्या आठवड्याभोवती असतो, आणि गेमवाल्यांना तो आयता मिळतो. सिनेमा उतरला की मागणीही उतरणार, म्हणून गेम त्याच दिवशी दुकानात हवी. धंद्याच्या हिशेबानं यात चूक नाही. पण गेम लिहून झाली की संपत नाही. ती खेळून बघायची, कुठं अडकते ते शोधायचं, कंटाळवाणा भाग काढून टाकायचा, पुन्हा खेळून बघायची. या कामाला वेळ लागतो, आणि तारीख जवळ आली की पहिला बळी याच कामाचा जातो.

वेळ मिळाला की काय घडतं, तेही बघा. जेम्स बाँडचा ‘गोल्डनआय’ १९९५ च्या नोव्हेंबरात आला. त्यावरची गेम इंग्लंडमधल्या रेअर कंपनीनं काढली १९९७ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे सिनेमा थिएटरातून कधीच उतरल्यावर. करणारी मंडळी मूठभर, त्यातल्या बहुतेकांची पहिलीच गेम. तरी ८० लाखांहून अधिक विकली गेली. चौघांनी एकाच टीव्हीसमोर बसून एकमेकांशी खेळायचा तिचा भाग लोकांना सर्वांत आवडला, आणि तोच मूळ आराखड्यात नव्हता. शेवटच्या काही महिन्यांत तो जोडला गेला. सिनेमाच्या तारखेला गेम काढली असती, तर तो भाग जन्मालाच आला नसता.

तारीख पाळूनही चांगली निघालेली गेम मला माहीत आहे, आणि ती सांगायलाच हवी. २००४ ची ‘स्पायडरमॅन २’. सिनेमाच्याच आठवड्यात आली. पण ट्रेआर्क कंपनीनं २००२ मध्ये पहिल्या सिनेमाचीही गेम केली होती. तिच्यात स्पायडरमॅनचं जाळं वर आभाळात कुठंतरी चिकटायचं. दुसऱ्या वेळी त्यांनी ठरवलं की जाळं खऱ्या इमारतीलाच चिकटलं पाहिजे. एवढ्या एका गोष्टीनं सगळं पालटलं. झोका कुठं घ्यायचा, कधी सोडायचा, हे खेळणाऱ्याच्या हातात आलं. कथा विसरून लोक तासन्‌तास नुसते न्यूयॉर्कवरून झोके घेत बसायचे. थिएटरात बसलेल्या पोराला हेच तर हवं होतं!

आपल्याकडं काय झालं? ‘गजनी’ २००८ च्या नाताळात आला आणि त्याच सुमारास हैदराबादच्या एफएक्सलॅब्सनं त्यावर पीसीची गेम काढली. नायकाला १५ मिनिटांपलीकडचं काही आठवत नाही, हा त्या सिनेमाचा जीव. अंगावरचं गोंदण, फोटो, त्यांवर खरडलेल्या ओळी. गेमसाठी याहून सुंदर कल्पना कुठली मिळणार? खेळणाऱ्यालाच विसरायला लावा, त्याच्याच खुणा त्याला शोधायला लावा. प्रत्यक्षात गेम होती ती मुख्यतः मारामारीची. ‘धूम ३’ची मोबाइल गेम उडुपीच्या ९९गेम्सनं २०१३ मध्ये केली. भरपूर डाउनलोड झाली, चालायचीही छान, पण बाईक पळवत गाड्या चुकवायच्या, एवढंच. सिनेमाचं नाव काढून दुसरं घातलं असतं तरी फरक पडला नसता.

त्याच ९९गेम्सची २०१६ ची ‘सुलतान’ मात्र कोल्हापूरकर म्हणून माझ्या जास्त जिव्हारी लागते. सिनेमा पैलवानाचा, आणि फोनवर आली ती बटणं दाबून हाणामारी करायची गेम. अहो, कुस्ती म्हणजे हाणामारी नव्हे! कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात बसून ज्यानं एक निकाली कुस्ती बघितली, त्याला हे सांगावं लागत नाही. आधी खडाखडी. मनगटाला मनगट लागतं, समोरच्याचा जोर कुठल्या पायावर आहे ते अजमावलं जातं. मग पट, कब्जा, घिस्सा असा एखादा डाव. खालचा पैलवान दम खात पडून राहतो, वरचा घाई करतो आणि तिथंच फसतो. तिकडं हलगी तापत जाते. यात गेमला लागणारं सगळं आहे. दम आहे, अंदाज आहे, फसवणूक आहे, प्रत्येक डावाला तोड आहे.

उडुपी काही मुंबई नव्हे, आणि कोल्हापूर उडुपीपेक्षा लहान नाही. इथं मुलं कॉम्प्युटर शिकतात, ॲनिमेशन शिकतात, फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर रात्र रात्र गेम बनवत बसतात. त्यांना माझं सांगणं आहे, सिनेमाच्या नावाची वाट बघू नका. गंगावेशीच्या, मोतीबागेच्या तालमीत जा, वस्तादांच्या पाया पडून कोपऱ्यात बसा. खालून सुटायचे किती मार्ग आहेत, ते त्यांना विचारा. फक्त खडाखडीचीच गेम करा, दोघांनी एका फोनवर खेळायची. ती हाताला जमेपर्यंत कुणाला तारीख देऊ नका.

आणि पालकहो, पोरानं हट्ट धरलाच तर त्याला नाही म्हणू नका. एवढंच म्हणा, सिनेमा येऊन महिना जाऊ दे, कुणीतरी खेळतानाचा व्हिडिओ आपण दोघं मिळून बघू, मग घेऊ. कुस्तीची गेम कुणी करायला घेतलीच, तर आकाशवाणीच्या पत्त्यावर जरूर कळवा. खेळून बघायला मी येईन, आणि कुठं अडकते तेही सांगेन.

नमस्कार.