उचलायची कुणी?

मंडळी, कुत्र्याची विष्ठा उचलायची कुणी, हा विषय ऐकून मागच्या रांगेत हसू फुटलं. हसा, माझी हरकत नाही. पण ब्रिटिश पार्लमेंटने 1996 साली इंग्लंड आणि वेल्ससाठी कुत्र्याच्या विष्ठेवर स्वतंत्र कायदा केला. त्यात काय लिहिलंय ते ऐका. कुत्र्याने घाण केली आणि सोबतच्या माणसाने ती लगेच उचलली नाही, तर गुन्हा. ‘माझ्या लक्षातच आलं नाही’ किंवा ‘उचलायला जवळ काही नव्हतं’, या दोन्ही सबबी चालणार नाहीत, असं कायद्यातच म्हटलं होतं. मसुदा लिहिणारा रोज सकाळी बागेत फिरायला जात असणार, दुसरं काय!

जबाबदारी कुणाची? कुत्रा ज्याच्या हाती आहे त्याची. मालक घरी झोपलाय आणि भाचा कुत्र्याला फिरवतोय, तर उचलायचं भाच्याने. अंध म्हणून नोंद असलेल्यांना सूट होती, ते योग्यच.

पुढे 2005 मध्ये नवा कायदा आला आणि 2014 पासून हे काम सार्वजनिक जागांच्या संरक्षण-आदेशांकडे गेलं. कौन्सिलने, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेने, लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायचं आणि आदेश काढायचा: इथे पट्टा हवाच, मुलांच्या खेळाच्या जागेत कुत्रा नको, घाण उचला. आदेशाची मुदत जास्तीत जास्त 3 वर्षं, पुढे वाढवता येते. 2014 च्या कायद्याने जागेवरच्या नोटिशीचा दंड 100 पौंडांपर्यंत ठेवला होता. तो भरला नाही आणि प्रकरण कोर्टात गेलं, तर 1,000 पौंडांपर्यंत.

एवढा खटाटोप का? कुत्र्याच्या आतड्यातल्या टोक्सोकारा नावाच्या जंताची अंडी विष्ठेतून मातीत जातात. ताजी असताना ती बाधत नाहीत, पण काही आठवड्यांनी बाधू लागतात आणि मग मातीत दीर्घकाळ टिकून राहतात. तोवर घाण पावसाने दिसेनाशी झालेली असते आणि मूल त्याच मातीत खेळत असतं. क्वचित डोळ्यालाही इजा होते.

आता खरी अडचण. दंड करायचा तर कुणीतरी पाहिलेलं हवं, आणि कुत्री फिरतात पहाटे नाहीतर अंधार पडल्यावर. वॉर्डनचा, म्हणजे कौन्सिलच्या तपासनिसाचा, गणवेश लांबून दिसला की अतिशय निष्काळजी माणूससुद्धा आदर्श नागरिक होतो! म्हणून लंडनच्या बार्किंग अँड डॅगनम भागात (बार्किंग म्हणजे भुंकणं, हा निव्वळ योगायोग) कुत्र्यांच्या डीएनएची नोंद ठेवायची कल्पना निघाली. विष्ठा तपासायची आणि मालक शोधायचा. कल्पना झकास. पण नोंदणी ऐच्छिक असली, तर नाव नोंदवायला येतो तो आधीपासून उचलणारा. न उचलणारा कशाला फिरकतोय?

त्यापेक्षा इंग्लंडमधल्याच डॅव्हेंट्रीच्या कौन्सिलची युक्ती मला साधी वाटते. त्यांनी 2015 च्या सुमारास नियम केला की कुत्रा फिरवताना जवळ पिशवी हवी. आता गुन्हा घडताना पाहायची गरजच उरली नाही, वॉर्डनने फक्त विचारायचं, ‘दाखवा पिशवी.’

पण समजा एखाद्या सज्जनाने एकच पिशवी आणली, ती वापरली, कचरापेटीत टाकली, आणि परतीच्या वाटेवर त्याला वॉर्डन भेटला. आदेश लिहिणाऱ्याने याचा आधी विचार केला नसेल, तर नोटीस कुणाच्या हातात पडेल? ज्याने उचललं त्याच्याच.